तीनशे अकरा गोट्यांचा निकाल

एक किलो म्हणजे नेमकं किती, हे तोळाराव जेवताना रंगून सांगत होते आणि त्यांची अकरा वर्षांची लेक तोंडात चमचा धरून झोपली. पुढच्या सगळ्या उपद्व्यापांचं मूळ हा चमचा.

नुसती जांभई दिली असती तर त्यांनी मनावर घेतलं नसतं. वजनमापे खात्यात बावीस वर्षं निरीक्षक असलेल्या माणसाला जांभयांची सवय असते. पण ज्याला रस्त्याच्या टोकाला पाहून दुकानदारांना घाम फुटतो, त्याच्याच घरात, किलोग्रॅमसारख्या चित्तथरारक विषयावर पोटची पोर घोरते म्हणजे काय? बायकोने लेकीच्या तोंडातला चमचा अलगद काढून घेतला आणि म्हणाली, "राहिलेलं उद्या सांगा." तोळारावांना ते फार लागलं. आपल्या लेकीने आपलं काम आयुष्यात एकदा तरी सुरुवातीपासून शेवटपर्यंत डोळे उघडे ठेवून पाहावं, एवढंच आता त्यांना हवं होतं.

तोळाराव हे त्यांचं खरं नाव नव्हे. ते इमारतीने ठेवलेलं. तोळा हे माप कायद्याने केव्हाच बाद झालंय, तेव्हा निदान वजनमापे खात्याच्या माणसाला तरी त्या नावाने हाक मारू नये, असं त्यांनी तळमजल्यापासून चौथ्या मजल्यापर्यंत प्रत्येकाला दारात उभं राहून समजावलं होतं. त्यामुळेच ते नाव पक्कं झालं.

चमच्यानंतर चौथ्या दिवशी शाळेतून एक पत्रक आलं. शहरात बालप्रेक्षकांसाठीच्या माहितीपटांचा महोत्सव भरणार होता. वयोगट नऊ ते बारा, लांबी पंधरा ते वीस मिनिटं, हौशी मंडळींनाही प्रवेश, आणि मुख्य म्हणजे सर्वोत्कृष्ट माहितीपटाचा पुरस्कार मुलांच्या मतांनी. तोळारावांनी ते पत्रक चपलांच्या कपाटापाशी उभ्यानेच तीनदा वाचलं आणि आपण माहितीपट काढणार असल्याचं घरात जाहीर केलं. बायको म्हणाली की तुम्हाला फोनवर धड फोटो काढता येत नाही, गेल्या सहलीच्या प्रत्येक फोटोत तुमचं बोट आहे. लेकीने विचारलं, कशावर? तोळाराव म्हणाले, "वजनावर." लेक "बरं" म्हणाली आणि दप्तर भरू लागली. त्या "बरं"मध्ये इतकी दया होती की त्यांना रात्रभर झोप लागली नाही.

इमारतीत अशी बातमी जिन्याने उतरत नाही, ती भिंतींतून झिरपते. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता तळमजल्यावरचे फोटोकाका कॅमेरा गळ्यात अडकवूनच आले. काकांनी चाळीस वर्षं लग्नांचं चित्रीकरण केलं होतं आणि निवृत्तीनंतर त्यांना लग्नांची अतोनात आठवण येत होती. तिसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापिकाबाई आठ वाजता आल्या. मुलांना काय आवडतं हे आपल्याला विचारा, असं सांगून त्यांनी "छोट्या दोस्तांनो, वजन म्हणजे काय बरे?" या वाक्याने सुरू होणारं अकरा पानी निवेदन टेबलावर ठेवलं. मुलांना काय आवडतं हे मुलांना विचारावं, असं कुणाच्या डोक्यात आलं नाही. तोळारावांच्याही नाही.

पहिलं दृश्य ठरलं होतं खात्याच्या प्रमाणित किलोचं. हे पितळी वजन मखमली पेटीत, पेटी लोखंडी कपाटात आणि कपाट कुलपाच्या खोलीत असतं. त्याला उघड्या हाताने शिवायचं नाही, कारण बोटांचा घाम लागला तरी किलोचा किलो राहत नाही. तोळारावांनी चित्रीकरणाच्या परवानगीचा रीतसर अर्ज केला. अर्ज कुठल्या सदरात घ्यायचा यावर कार्यालयात नऊ दिवस खल झाला. खात्याच्या यादीत चित्रीकरण नव्हतंच. सगळ्यात जवळचं सदर सापडलं ते "इमारतीची डागडुजी व रंगकाम". त्या सदराखाली परवानगी आली आणि सोबत त्या सदराची कायमची अटही आली, की काम चालू असताना सर्व प्रमाणित वजनं पांढऱ्या कापडाने झाकलेली असावीत.

तोळाराव आदेश घेऊन मोठ्या साहेबांकडे गेले. इथे रंगकाम होणार नाही, इथे त्या वजनाचंच चित्र घ्यायचं आहे, असं त्यांनी नम्रपणे सांगितलं. मोठ्या साहेबांनी आदेश उलटसुलट वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "मग झाकूनच घ्या." पुढे त्यांनी असंही सुचवलं की माहितीपटात खात्याच्या वाटचालीवर कुणी अधिकारी माणूस तीनच मिनिटं बोलला तर मुलांना प्रेरणा मिळेल. असा अधिकारी माणूस कोण, हे विचारायची गरज नव्हती. ते केस विंचरूनच बसले होते.

तर खात्याचा प्रमाणित किलो तोळारावांच्या माहितीपटात चाळीस सेकंद पांढऱ्या कापडाखाली उभा आहे. फोटोकाकांनी त्याच्याभोवती हृदयाच्या आकाराची चौकट टाकली आणि वरून गुलाबाच्या पाकळ्या सोडल्या. तोळारावांनी विचारलं तेव्हा काका म्हणाले की नाहीतर नुसतं कापड बघणार कोण?

राहिलं बाजारातलं दृश्य. तिथे एका भाजीवाल्याचा काटा तपासायचा होता. काटा नेमका त्या दिवशी खरोखरच लबाड निघाला, ताटलीखाली लोहचुंबक चिकटवलेला. तोळाराव वाकून तो दाखवणार, इतक्यात भाजीवाल्याने काटाच उचलून बगलेत मारला आणि पळ काढला. त्याच्यामागे तोळाराव आणि तोळारावांच्यामागे फोटोकाका पळाले. काकांना धावताना कॅमेरा बंद करायचं सुचलं नाही. त्यामुळे पुढची दोन मिनिटं दहा सेकंद पडद्यावर रस्ता, चपला, एका कुत्र्याचं जवळून तोंड, पुन्हा चपला, आणि मागून तोळारावांचा धापा टाकणारा आवाज: "थांबा. कायद्याने थांबा." शेवटी तोळारावच एका पायरीवर बसले आणि भाजीवाला माघारी येऊन त्यांना पाणी देतो, इथे दृश्य संपतं. हे असलं काही जगाला दाखवायचं नाही, यावर भाजीवाला धरून तिघांचं एकमत झालं.

नियमावलीत एक कलम होतं. प्रवेशिका पाठवण्याआधी माहितीपट त्या वयाच्या किमान सात मुलांना दाखवलेला असावा. इमारतीतून सात मुलं गोळा झाली. लेक मात्र आली नाही. पाहायचा तर एकदम महोत्सवातच पाहीन म्हणाली, आणि तोळारावांनीही आग्रह केला नाही, कारण त्यांचा धीर होत नव्हता. चौथ्या मिनिटाला "छोट्या दोस्तांनो" तिसऱ्यांदा ऐकू आलं आणि पाच मुलं उठून गेली. सहावं झोपलं. सातवं मोठ्या साहेबांच्या भाषणातही जागेवर बसून होतं. तोळारावांना भरून आलं. त्यांनी जवळ जाऊन चौकशी केली तेव्हा कळलं की त्याला त्याचा दुसरा बूट सापडत नव्हता.

त्या संध्याकाळी तोळारावांनी मन घट्ट केलं. निवेदन काढलं. पाकळ्या काढल्या. मोठ्या साहेबांची तीन मिनिटं अकरा सेकंदांवर आणली, त्यात साहेब "आमच्या खात्याची स्थापना" इथपर्यंत पोचतात. इतकं काढल्यावर माहितीपट उरला तेरा मिनिटांचा. नियमाप्रमाणे किमान पंधरा हवी होती आणि मुदत संपायला दीड तास होता. दोन मिनिटं दहा सेकंदांची दुसरी कुठलीही गोष्ट हाताशी नव्हती. तोळारावांनी डोळे मिटले आणि चपला आत घातल्या. मुख्याध्यापिकाबाईंना निवेदन उडाल्याचं कळल्यापासून त्या तोळारावांशी थेट बोलेनात. जिन्यात समोरासमोर आल्या तरी फोटोकाकांकडे पाहून "त्यांना सांगा, पाण्याची टाकी भरली" असं म्हणत.

आणि माहितीपट अंतिम फेरीत गेला. एकूण तीन होते. एक दीपगृहावर, एक गोगलगाईवर, एक तोळारावांचा. कळवणाऱ्या पत्रात "झाकलेल्या वस्तूचं रहस्य शेवटपर्यंत टिकवल्याबद्दल" निवड समितीने खास कौतुक केलं होतं. तोळाराव हरभऱ्याच्या झाडावर चढले ते उतरेनात. पण नोकरदार माणसाला पुरस्कार मिळण्याआधी तो घेण्याची परवानगी घ्यावी लागते. ती महोत्सवाच्या सकाळी हातात पडली, एका अटीसह: पुरस्कार स्वीकारताना खात्याच्या प्रतिष्ठेला बाधा येईल असे वर्तन करू नये. तोळारावांनी ते पत्र घडी करून कोटाच्या डाव्या खिशात ठेवलं.

उजव्या खिशात काय होतं ते बायकोने दारातच ओळखलं, कारण कोट त्या बाजूला चार बोटं खाली आला होता. तिने हात पुढे केला. तोळाराव म्हणाले की तपासणीचं अर्ध्या किलोचं वजन आहे, नुसतं सोबतीला, बाहेर काढणार नाही. बाजारात जाताना ती त्यांना दुकानाबाहेर उभं करून आत जायची ती उगीच नाही. "अहो, आज सुटी आहे तुमची," ती म्हणाली. "सुटीच्या दिवशी माणूस निरीक्षक नसतो." तोळाराव मान हलवून गाडीत बसले.

नाट्यगृह पोरांनी ओसंडून चाललं होतं. दारात प्रत्येक मुलाला काचेची एक गोटी मिळत होती. तिन्ही माहितीपट पाहून झाले की आवडलेल्याच्या बरणीत ती टाकायची. लेक मैत्रिणींबरोबर तिसऱ्या रांगेत बसली आणि तोळाराव नवव्या रांगेत, नेमके तिच्या मागे. बायको, मोठे साहेब आणि मुख्याध्यापिकाबाई पहिल्या रांगेत पाहुण्यांच्या खुर्च्यांवर होते. दिवे मालवल्यावर त्यांनी पडद्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. सतरा वेळा पाहिलेली फिल्म ती, त्यात काय बघायचं. ते लेकीच्या डोक्याकडे बघत होते. पण पाठमोऱ्या डोक्यावरून माणूस जागा आहे की झोपलाय, हे सांगता येत नाही. वेणी एकदा डावीकडे कलली तेव्हा ते खुर्चीच्या टोकाशी सरकले. कापडाखालच्या किलोला पाहून पोरं चिडीचूप झाली, चपला पळू लागल्या तेव्हा छप्पर उडेल इतकी हसली, "कायद्याने थांबा" या वाक्याला तर मागच्या रांगा उठून उभ्या राहिल्या. वेणी मात्र जागची हलली नाही. तोळारावांना त्या सगळ्या हशातलं काहीच ऐकू आलं नाही.

मग निकाल. महोत्सवाच्या संचालिकाबाई उत्साही होत्या. गेली अकरा वर्षं इथे मतं मोजत नाहीत, तोलतात, असं त्यांनी सांगितलं. मोजायला वेळ लागतो आणि तेवढ्यात मुलं खुर्च्या मोडतात. मंचाच्या कडेला एक भला मोठा काटा ठेवला होता, लाल आकड्यांचा. तिन्ही बरण्या एकाच मापाच्या, त्यांचं वजन आधीच वजा केलेलं. दीपगृह: दोनशे साठ ग्रॅम. गोगलगाय: सहाशे पन्नास. आणि तोळारावांची बरणी चढली तेव्हा तीनशे पोरं आकडा ओरडून वाचत होती. सहाशे साठ.

पुढचं तोळारावांना स्वप्नात घडल्यासारखं वाटलं. ते मंचावर होते, हातात रंगवलेलं लाकडी बदक होतं, त्याच्या पोटावर "सर्वोत्कृष्ट" असं कोरलं होतं. तिसऱ्या रांगेत लेक चक्क उभी राहून टाळ्या वाजवत होती. पहिल्या रांगेत बायको हसत होती. तोळाराव कृतज्ञतेने मान खाली घालायला गेले, आणि मान खाली गेल्यावर त्यांना काटा दिसला.

काट्याच्या कोपऱ्यात एक इवलीशी काच असते, तिच्यात पाणी आणि पाण्यात बुडबुडा. बुडबुडा वर्तुळाच्या मध्ये असेल तर काटा समतल आहे. हा बुडबुडा वर्तुळ सोडून पार काठाला जाऊन बसला होता. बरोबरच होतं, नाटकाच्या मंचाला प्रेक्षकांकडे उतार असतो. शेजारी पडताळणीचा शिक्का होता, तीन वर्षांपूर्वीचा, म्हणजे केव्हाच मुदत संपलेला. वर काटा दहा दहा ग्रॅमच्या टप्प्यांनी बोलणारा, म्हणजे दोन गोट्यांचा फरक त्याच्या खिजगणतीतही नाही.

बायकोला ती नजर ओळखीची होती. तिचं हसू मावळलं आणि तिने मान हलवायला सुरुवात केली. नको. तोळारावांनी बदकाकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं, बुडबुड्याकडे पाहिलं. आपण काहीच पाहिलं नाही, असं ते स्वतःला चार वेळा म्हणाले. सुटीच्या दिवशी माणूस निरीक्षक नसतो, हेही म्हणाले. मग त्यांनी बदक काखेत धरलं, उजव्या खिशातून अर्ध्या किलोचं वजन काढलं आणि काट्यावर ठेवलं. काटा म्हणाला, पाचशे वीस.

"हा निकाल मला मान्य करता येत नाही," तोळाराव ध्वनिक्षेपकात म्हणाले.

संचालिकाबाई हसल्या, त्यांना हा विनय वाटला. तोळारावांनी बरणीची जागा बदलली की आकडा कसा बदलतो हे करून दाखवलं तेव्हा त्या खुर्चीत बसल्या. बायकोने कपाळावर हात मारला. तोळाराव गुडघ्यांवर बसून कार्यक्रमपत्रिकांच्या घड्या काट्याच्या एका पायाखाली सरकवत होते. सहाव्या पत्रिकेला बुडबुडा वर्तुळात आला आणि काट्याने पाचशेला पाचशे म्हटलं, तेव्हा सभागृहात कुणीतरी शिट्टी मारली. पण दोन गोट्यांचा प्रश्न उरलाच होता. एकेक गोटी मोजण्यावाचून गत्यंतर नाही, असं त्यांनी जाहीर केलं, आणि गैरसोयीबद्दल खात्यातर्फे दिलगिरी व्यक्त केली.

आधी स्वतःची बरणी. तोळाराव एकेक गोटी एका बादलीत टाकत होते आणि सगळं सभागृह मोजत होतं. शंभराला गलका झाला. बरणी रिकामी झाली तेव्हा आकडा होता एकशे अठ्ठावीस. दीपगृहाच्या बावन्न निघाल्या. मग गोगलगाय. एकशे वीसच्या पुढे पोरांचे आवाज आपोआप बारीक झाले. एकशे सव्वीस. एकशे सत्तावीस. एकशे अठ्ठावीसला तोळारावांनी बरणी उजेडाकडे धरली. तळाशी तीन गोट्या होत्या. हात आवळून एखादी ठेवून घेणं अवघड नव्हतं, त्यांनी बाजारात असले हात बावीस वर्षं पकडले होते. त्यांनी तिन्ही टाकल्या. शेवटचे तीन आकडे त्यांनी एकट्यानेच मोठ्याने मोजले.

गोगलगाईची बाई तीन वर्षं एका बागेच्या भिंतीपाशी पोटावर पडून होती म्हणे. तोळारावांनी बदक रुमालाने पुसून तिच्या हातात दिलं. ते त्यांच्याकडे एकूण वीस मिनिटं होतं. मग त्यांनी काट्याच्या शिक्क्याबद्दल संचालिकाबाईंना रीतसर सूचना लिहून दिली, कारण अर्धवट काम त्यांना आवडत नसे, आणि लिहिता लिहिता त्यांचे डोळे भरून आले. आपण पोरीचा मैत्रिणींसमोर पार पोपट केला, हे त्यांना आता कळत होतं. टाळ्या वाजवत उभी होती बिचारी.

मान वर केली तर लेक मंचावर, त्यांच्यासमोर उभी. तिने बुडबुडा वाकून पाहिला.

"बाबा, माझी पिशवी किती भरते सांग ना."

पिशवी एक किलो चारशे तीस भरली. तिच्या मागे एका मैत्रिणीची पाण्याची बाटली आली, मग कुणाचा चष्मा, मग एका पोराने डावा आणि उजवा बूट वेगवेगळा तोलून मागितला. पाच मिनिटांत रांग दारापर्यंत गेली. लेकीने सूत्रं हातात घेतली. ढकलाढकली करणाऱ्यांना ती मागे पाठवत होती, आकडे पत्रिकेच्या पाठीवर लिहून देत होती. मुख्याध्यापिकाबाई आपली पर्स घेऊन थेट पुढे आल्या, तर त्यांनाही तिने रांगेचं टोक दाखवलं, आणि त्या मुकाट्याने गेल्या. मोठे साहेब छत्री घेऊन आधीच उभे होते. बायको सगळ्यात शेवटी होती, हातात काहीच न घेता, नुसती हसत.

एका चिमुरडीने टोपी ठेवली. काटा म्हणाला, तीनशे दहा. तोळारावांच्या कपाळावर आठ्या पडल्या. कापडाची टोपी तीनशे दहा भरत नाही. त्यांनी बुडबुडा पाहिला, तो जागेवर होता. मग त्यांची नजर ताटलीच्या मागच्या कडेवरून सरकली आणि थांबली.

"बोट काढ," ते लेकीला म्हणाले.

लेकीने करंगळी उचलली. काटा नव्वदवर आला. तिच्या चेहऱ्यावर शरमेचा लवलेश नव्हता.

"बघत होते, तुला कळतं का."

"मला नाही कळणार?"

"मग फिल्ममध्ये का नव्हतं हे? मी कधीची वाट बघत होते, आता दाखवशील, मग दाखवशील. पार शेवटची नावं संपेपर्यंत बसले."

तोळारावांना फार आनंद झाला. त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि ताटली पुसायला घेतली. ती स्वच्छच होती, तरी त्यांनी बराच वेळ पुसली, आणि लेकीने रांगेला हात करून सांगितलं की जरा थांबा, काम चालू आहे.